फुकटची घोडी

"फीचं राहू द्या. तुमच्या पोरीला मैनेवर बसवतो, फुकट," रायडिंग क्लबचे सर म्हणाले, तेव्हा इस्त्रीवाल्या भास्करला आभाळ ठेंगणं झालं.

मैना लाथा झाडायची, मध्येच उधळायची. आठ वर्षांची केतकी पडायची, माती झटकायची, पुन्हा चढायची. एकदा हात मोडला. प्लास्टर निघालं त्याच दिवशी ती तबेल्यात हजर झाली. पावसाळा संपेपर्यंत मैना तिच्या हाकेसरशी मान खाली घालू लागली.

मग एका सकाळी मैनेवर एका बिल्डरचा मुलगा बसलेला दिसला. त्याच्या वडिलांनी घोडी विकत घेतली होती.

"वाईट वाटून घेऊ नका," सर हसत म्हणाले. "अहो, असल्या जनावरावर फी भरणाऱ्यांची मुलं कशी बसवणार? केतकीनं घोडी छान तयार केली. आता नवा घोडा आलाय, जरा चावरा आहे. उद्यापासून पाठवा तिला."

भास्करनं केतकीच्या मोडून जुळलेल्या हाताकडे बघितलं. बाप नाही म्हणणार, हे ओळखून केतकीनं त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, हो म्हणा ना!"

तिच्याकडे न बघताच भास्करनं सरांना विचारलं, "किती वाजता आणू?"