मायकलचं नाव

स्मारकावरचा पडदा सरकला आणि फादरांनी नावं वाचायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत मेलेली गावची सहा माणसं. वसईतल्या त्या गावाला त्यांच्यासाठी दगड उभा करायला एकोणीसशे नव्याण्णव साल उजाडलं. नाव वाचलं की त्या घरचं कुणीतरी पुढे जाई आणि हार घाली.

सत्त्याहत्तर वर्षांची क्लेमेंटीन नवऱ्याशेजारी मागच्या रांगेत बसली होती. मुद्दामच मागे. चौथं नाव मायकलचं, तिच्या पहिल्या नवऱ्याचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो पलटणीबरोबर मलायाला गेला आणि तिथल्या छावणीत तापाने वारला. तसा कागद आला तो लढाई संपून तीन वर्षांनी. पुढे तिने ऑगस्टीनशी लग्न केलं, त्याच्या केळीच्या वाडीत राबली, चार मुलं वाढवली. घरात मायकलचं नाव कधी निघालं नाही. ऑगस्टीनने मना केलं नव्हतं. त्याला लागेल, असं तिलाच वाटे.

फादरांनी नाव दुसऱ्यांदा वाचलं. मायकलच्या घरचं कुणीच उरलं नव्हतं. क्लेमेंटीन मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत राहिली.

शेजारची खुर्ची करकरली. ऑगस्टीन उठला होता. त्याने हात पुढे केला. लोक काय म्हणतील, असं ती पुटपुटली. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. सगळ्यांच्या देखत दोघं सावकाश पुढे गेली.

कुणीतरी तिच्या हातात हार दिला. तिने तो कसाबसा दगडावर चढवला.

“जरा खाली घे,” ऑगस्टीन म्हणाला. “नाव झाकतंय त्याचं.”

घरी परतताना दोघं वाटेतल्या तळ्याच्या कठड्यावर टेकली. मग ऑगस्टीनने विचारलं, “कसा होता गं तो?”

क्लेमेंटीनने आठवून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

“भसाडा. चर्चमध्ये मिस्सात गायला लागला की पुढची माणसं मागे वळून बघायची.”

ऑगस्टीनही हसला. आणखी सांग, म्हणाला.

वाडीला पाणी सोडायची वेळ टळून गेली, तरी ती सांगत होती आणि तो ऐकत होता.