हिरव्या रिबिनीची बाहुली

“या बाहुल्यांचे डोळे कोण रंगवतं?” मैत्रिणींशी लावलेल्या पैजेखातर लावण्यानं दुकानदारमामांना विचारूनच टाकलं. बालमजुरीविरोधी मोहिमेचा बिल्ला तिच्या ओढणीवर झळकत होता. नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या तिचे अप्पा मैलापूरच्या याच मामांकडून आणत. “बारीक बोटंच लागतात गं!” मामा कौतुकानं म्हणाले. पडद्यामागून कुंचला घेतलेली आठेक वर्षांची पोर डोकावली, वेणीला हिरवी रिबीन. “शाळेत नाही जात?” लावण्यानं तिला विचारलं. “जाते की, अक्का!” तिनं मातीच्या बाहुल्यांच्या शाळेचा संच दाखवला, शेवटच्या बाकावर हिरव्या रिबिनीची बाहुली. “ही मीच. प्रत्येक शाळेत बसते.” घर गाठून लावण्यानं कोलूची पेटी उघडली. गेल्या वर्षी आणलेल्या मातीच्या शाळेतही ती हिरवी रिबीन लावून बसलेली! “चाइल्डलाइनला फोन लावतेय, अप्पा! मामा रागावले तर रागावू देत. आई, ती खऱ्या बाकावर बसेपर्यंत कोलू मांडायचा नाही!”