मागं काहीतरी गरम पाहिजे

"स्क्रीन कोरी आहे. लिहा, लीक नाही," सतीश म्हणाला. कुरकुंभच्या त्या केमिकल कंपनीचा तो सेफ्टी ऑफिसर.

रॉनीनं कॅमेरा खाली घेतला नाही. एजन्सीनं त्याला रांजणगावहून गळती शोधायला धाडलं होतं. डोळ्याला न दिसणारा गॅस या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात काळ्या धुरासारखा दिसतो. पण आज आभाळ भरून आलेलं. पाईप, भिंत, हवा, सगळं सारखंच गार. अशा वेळी कॅमेरा आंधळा.

समोर चार पाईप, एकावर एक. चारींत चार वेगळे गॅस. सकाळी त्या पाईपांपाशीच नथानिएल कोसळला. कंत्राटी हेल्पर. कंत्राटी माणूस पडला की कंपनीला आधी त्याच्या तोंडाचा वास येतो. दारू प्यालेला होता म्हणाले. आता तो दौंडच्या दवाखान्यात निळा पडत चालला होता. डॉक्टरनं त्याच्या बायकोला सांगितलं, गॅस कुठला ते कळवा. चुकीचं औषध दिलं तर तेच जीव घेईल.

ती बायको, दबोरा, याच कंपनीत पॅकिंगला. आत्ता रॉनीच्या पाठीशी उभी होती. दोनदा हाकललं तरी हलली नव्हती.

"मागं काहीतरी गरम पाहिजे," रॉनी म्हणाला. "तर गॅस उठून दिसंल."

"मग काय, इथं शेगडी पेटवू?" सतीश हसला. "ऊन पडलं की या उद्या."

"उद्यापातुर ते ऱ्हात न्हाईत," दबोरा म्हणाली. "दादा, माणूस चालंल का? माणूस बी गरमच असतो की."

रॉनीनं कॅमेरा पाईपांवर रोखला. तिला तेवढं पुरलं. ती पाईपांच्या मागं जाऊन उभी राहिली.

स्क्रीनवर ती पांढरी उमटली. पोट, छाती, चेहरा. काळं कुठंच नाही.

"झालं समाधान? नवरा पितो, बायको तमाशा करते."

दबोरानं मान वर केली. सगळ्यात वरचा पाईप तिच्या डोक्याच्याही वर होता. कोपऱ्यातली बादली तिनं ओढली, पालथी घातली आणि वर चढली.

"ह्यांचं डोकं हितं येतं."

स्क्रीनवर तिचा चेहरा पुसला गेला. आधी हनुवटी, मग नाक, मग डोळे. मानेच्या वर नुसतं काळं.

"वरची लाईन! ताई, उतरा!" रॉनी ओरडला.

ती खोकत होती. उतरली नाही.

"साहेब, डॉक्टरला फोन लावा. त्यात काय हाय त्याचं नाव सांगा. मग उतरते."

"ती लाईन तर बंद..."

"रेकॉर्डिंग चालू हाय, साहेब," रॉनी म्हणाला.

प्लांटमध्ये मोबाईलला बंदी. कामगारांचे गेटवरच काढून घेतात. सतीशनं आपला खिशातून काढला. डॉक्टरचा नंबर त्याला शोधावा लागला नाही. सकाळपासूनच्या मिस्ड कॉलमध्ये तोच सगळ्यात वर होता. गॅसचं नावही कुठं बघावं लागलं नाही. जिभेवरच होतं.

पलीकडं डॉक्टर किंचाळले, "सिस्टर, इंजेक्शन! पळा!"

दबोरा उतरली नाही, कोसळलीच. रॉनीनं तिला मोकळ्या वाऱ्याकडं ओढलं. ओठ निळे पडले होते. जरा श्वास घेता आला तशी ती सतीशकडं बघून म्हणाली,

"लिवा आता, साहेब. बाईबी प्यालेली व्हती."