भाऊंचं द्वारदर्शन

"वहिनी, धीर धरा. आपल्या घरातलंच माणूस गेलं," हेमराजभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. हात जोडून उठले आणि निघून गेले. सुलक्षणा जेवणाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. ती भाऊंची वहिनी नव्हती, बायको होती. घर त्यांचंच होतं. आणि घरात कोणी गेलेलंही नव्हतं.

आता यात भाऊंचा तरी काय दोष! निवडणूक तोंडावर आलेली, भाऊ उमेदवार. सोनगीरच्या आसपास कुठे मयत झालं की द्वारदर्शनाला भाऊ हजर. जिवंतपणी ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यासाठीही डोळे पुसायचे. सकाळपासून हेच चाललं होतं. जेवायला म्हणून घरी आले आणि सवयीनं सतरंजीवर मान खाली घालून बसले. तेच बोलले, तसेच उठले, 'येतो' न म्हणता. मयताच्या दारातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. पण स्वतःच्या घरातून?

सुलक्षणानं ताट तसंच खाली ठेवलं. आत खाटेवर सासू, ताईबाई, तापानं फणफणली होती. तिनं घाईघाईनं फोन लावला.

"अहो, परत फिरा. एकदा 'येतो' म्हणा, मग खुशाल जा. तुम्हाला माझी शपथ!"

भाऊ हसले. "अगं, गावोगाव 'येतो' म्हणून सांगून ठेवलंय. तू घरच्या 'येतो'चं काय धरून बसलीस? शिरपूरकडची दारं राहिलीत अजून."

ती सासूच्या उशाशी जाऊन बसली. शेजारची बेबाबाई आली, मग आणखी दोघी-चौघी आल्या. कपाळावर घड्या ठेवल्या, तळपायांना तेल चोळलं. मोठ्यानं कोणी बोलेना. म्हातारीचा श्वास जरा लांबला की बायका एकमेकींकडे बघत. एरवी कार्यकर्त्यांच्या फोनांनी दिवसभर खणखणणारं ते घर दुपारपासून गप्प होतं. पण तिकडे लक्ष होतं कुणाचं?

दिवेलागणीला ताईबाईला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. ती आपणहून उठून बसली आणि तिनं चहा मागितला. सुलक्षणाला रडूच कोसळलं. रडत रडत तिनं सासूला दुपारचं सगळं सांगून टाकलं. "वाचलो हो आई! मला वाटलं, तुम्हीच..."

ताईबाईनं ऐकून घेतलं. हातातला कप खाली ठेवला.

"माले काय देखी ऱ्हायन्यात? मी त आठेच शे," ती स्वतःच्या खाटेवर हात आपटत म्हणाली. "'येतो' न म्हणता गया कोण?"