ह्यांनी लावलेली वेल

मदाम इनास कैरो सोडून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या आणि मुलीकडे जागा एकाच कुंडीपुरती होती. म्हणून त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या रोपवालीला, घरी बोलावलं.

नवरा गेल्यापासून पाहुण्यांसाठी बंद असलेला दिवाणखाना त्यांनी उघडला. खुर्च्यांवर चादरी होत्या आणि भिंतीशी दोन कुंड्यांत, काठीवर दोऱ्याने चढवलेल्या दोन सारख्या वेली.

"एक ह्यांनी लावलेली, एक मी. कुठली कुणाची?"

"नवऱ्याची वेल ओळखता येत नाही होय, मदाम?" मी पानं चाचपली. "हे जाड पान, देठाला खोबण, हा पोथोस. हे पातळ, देठ गोल, हा फिलोडेंड्रॉन."

"ह्यांचा पोथोस."

फिलोडेंड्रॉनची सगळी पानं खिडकीकडे वळली होती. पोथोसची कोपऱ्यातल्या खुर्चीकडे.

"कुंडी फिरवत जा की."

"रोज फिरवते. ह्यांची खुर्चीसुद्धा हलवून पाहिली, पानं तिच्याच मागे वळतात." त्यांनी आवाज खाली आणला. "ती तुम्ही घेऊन जा, अफाफ. मी माझी नेते."

"झाडाला उजेड कळतो, मदाम, माणसं नाही."

टॅक्सीत मी कुंडी मांडीवर घेतली. माझ्या खिडकीतून पानांवर लख्ख ऊन पडत होतं. पूल ओलांडेपर्यंत सगळी पानं माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली होती.