रुपचंद नानांचा आवाज

“सगळी डिस्क पुसायची का, असं विचारतंय गं पोरी,” भिकुबाई म्हणाल्या आणि बोट मागे घेतलं.

“इथंच सगळे फसतात, अक्का. हो म्हणायचं नाही.”

“आमच्या ह्यांना नेमकं तेवढंच ठाऊक. विंडोज काढून लिनक्स टाकायची हौस भारी, आणि पहिल्याच प्रश्नाला हो. तीनदा ह्यांचा आवाज भरून ठेवला, तिन्ही वेळा बठ्ठं, सगळंच पुसाई गयं. आता मोबाइलमध्ये हा एवढाच उरलाय.”

पुनमनं खुर्ची जवळ ओढली. जळगावच्या दुपारी तिच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फक्त पंखा बोलत होता. पडद्यातून गाळून आलेलं ऊन कीबोर्डवर हळदीसारखं सांडलं होतं. बाई भडगावहून एसटीनं आलेल्या, मांडीवर नवऱ्याचा, रुपचंद नानांचा लॅपटॉप, झोपलेलं नातवंड धरावं तसा. हातात अजून हिरव्या बांगड्या. काढल्या नाहीत ते बरंच केलं, असं पुनमला वाटलं. माणसं ओळखण्यात ती स्वतःला पक्की समजायची.

“डिस्कचे दोन हिस्से करू,” ती हळू आवाजात म्हणाली. “दोन्हींवर एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम, म्हणजे लिनक्सची फाइली मांडायची पद्धत. एक रूट, त्यात लिनक्स. दुसरं होम, त्यात तुमचं सामान. उद्या लिनक्स पुन्हा टाकलं, तर फॉरमॅटची, म्हणजे पुसायची, खूण फक्त रूटपुढे. होमला हात लावायचा नाही, ते जसंच्या तसं राहतं.”

“मग खूण करायला मीच बसेन.”

“घर आता सुनं वाटत असेल, अक्का.”

“कुठलं सुनं? चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. रात्री कानातून जातच नाही.”

हिस्से पडले, लिनक्स बसलं. मोबाइलमधली फाइल होममध्ये गेली. पुनमनं मुद्दाम पुन्हा एकदा लिनक्स टाकून दाखवलं. फाइल जागेवरच होती.

भिकुबाईंनी ती लावली.

खोल, संथ श्वास. केळीच्या बागेत वारा शिरावा तसा चढत गेला, मध्येच थांबला, आता येत नाही असं वाटेपर्यंत थांबला, मग कुठून तरी लांबून परत आला. पुनमला दवाखान्यातली खाट दिसली, नळ्या दिसल्या, उशाशी मोबाइल धरून बसलेली ही बाई दिसली. शेवटचे श्वास. तिनं ओढणीनं डोळे टिपले.

दार ढकलून एक म्हातारा टोपी झटकत आत आला. “काय वं, झालं का? चारची गाडी जाईल.”

भिकुबाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

“ऐका. आणि आता म्हणा ह्या पोरीसमोर, मी घोरतच नाही म्हणून.”