पत्त्यातलं नाव

निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी धरणाच्या कचेरीतून टिपणीसबाईंना पहिला फोन आला.

"मॅडम, कॉम्प्युटरवरचं तुमचं खातं काढून फाइली दुसरीकडे हलवल्या आणि पाणीपातळीची स्क्रिप्ट बंद पडली," नवी इंजिनिअर फरीदा घाबरून म्हणाली.

स्क्रिप्ट, म्हणजे पातळीची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम, बाईंनीच लिहिलेली. तिच्यातल्या प्रत्येक फाइलच्या पत्त्यात त्यांच्या नावाचं फोल्डर होतं. ते पुन्हा बनवायला सांगितलं, तर नाव राहिलं असतं. फोनही येत राहिले असते.

तरीही बाई म्हणाल्या, "माझं नाव खोडून टाक. स्क्रिप्ट सुरू होताना ती कुठे ठेवली आहे तो पत्ता सिस्टीमच तिला देते. तोच वापर."

कीबोर्डची टकटक त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"चाललं, मॅडम! आता पुन्हा तुम्हाला त्रास नाही."

"अगं, त्रास कसला..." बाई म्हणाल्या, तोवर फोन ठेवलेला होता.